ऑपरेशननंतर घरी गेलेल्या रुग्णाचं काय? वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा सत्तर वर्षांचा इतिहास



वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल, म्हणजे बॅरिअॅट्रिक सर्जरीबद्दल विचारायला येणाऱ्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. किती किलो उतरेल? टाके किती? दवाखान्यात किती दिवस? खर्च किती आणि इन्शुरन्स मिळतो का? सगळे प्रश्न रास्त आहेत आणि बहुतेकांची उत्तरं सर्जन माझ्यापेक्षा चांगली देतील. पण एक प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. ऑपरेशननंतरची पाच, दहा, वीस वर्षं माझ्याकडे बघणार कोण?

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. ऑपरेशन झालेली माणसं काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आमच्यासारख्यांच्या ओपीडीत येतात. कुणाला चक्कर येते, कुणाचे केस मूठमूठ गळतात, कुणाचं हिमोग्लोबिन आठवर आलेलं असतं. त्यामुळे हा न विचारलेला प्रश्नच मला मोठा वाटतो. या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचला की दिसतं, की कापायचं आणि जोडायचं कसं हे डॉक्टर बऱ्यापैकी लवकर शिकले. रुग्ण घरी गेल्यावर त्याच्या शरीराचं आणि मनाचं काय होतं, हे समजायला मात्र अनेक दशकं गेली. त्या दशकांची किंमत रुग्णांनी मोजली. आज तोच इतिहास सांगतो.

आतडं तोकडं करण्याचा काळ

आपलं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. वरच्या भागाला जेजुनम म्हणतात, खालच्या भागाला इलियम. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. लहान आतड्याचा कुठला भाग गेला तर पोषणावर जास्त परिणाम होतो? वरचा अर्धा भाग गेला तरी कुत्र्यांचं वजन टिकलं. खालचा अर्धा गेला तेव्हा चरबी पचेना आणि वजन झपाट्यानं उतरलं. या प्रयोगाचा हेतू लठ्ठपणावर इलाज शोधण्याचा नव्हता. पण त्यावरच्या चर्चेत अशाच पद्धतीचं ऑपरेशन एका लठ्ठ रुग्णावर केल्याचं सांगितलं गेलं, आणि एक नवी वाट उघडली. (त्याच्या दोन वर्षं आधी स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या व्हिक्टर हेन्रिकसन यांनी एका स्त्रीच्या लहान आतड्याचा तुकडा काढला होता, त्यामुळे पहिलेपणाचा मान कुणाचा यावर वाद आहे. तो आपण इतिहासकारांवर सोडू.)

१९६३ मध्ये लॉस एंजेलिसचे पेन आणि डीविंड यांनी आणखी धाडस केलं. जेजुनमचा वरचा थोडा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडला. जवळपास सगळं लहान आतडं वाटेतून बाजूला! वजन उतरलं, पण जुलाब इतके आणि क्षार इतके कमी, की ती पद्धत सोडावी लागली. मग १९६९ मध्ये त्यांनी सुधारलेली आवृत्ती मांडली. जेजुनमचे चौदा इंच आणि इलियमचे शेवटचे चार इंच एकमेकांना जोडायचे. सहा मीटरांपैकी जेमतेम अर्धा मीटर आतडं अन्नाच्या वाटेवर राहायचं, बाकीचं पोटातच, पण वापराबाहेर. याला जेजुनो-इलियल बायपास म्हणतात. सत्तरच्या दशकात हे ऑपरेशन हजारो लोकांवर झालं.

त्याचं आकर्षण समजायला अवघड नाही. सर्जनच्या दृष्टीनं ऑपरेशन तसं सोपं होतं. रुग्णाच्या दृष्टीनं तर स्वप्नच, कारण खाण्यावर बंधन जवळपास नाही. खा, पचणारच नाही, वजन उतरेल. पहिल्या वर्षाचे आकडे बघून दोघंही खूश.

दुखणी नंतर आली. न पचलेली चरबी आतड्यात कॅल्शियमला पकडून ठेवते. एरवी हेच कॅल्शियम पालक, चहा, दाणे यांतून येणाऱ्या ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर काढतं. कॅल्शियम अडकल्यावर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि मूत्रपिंडात त्याचे खडे होतात. काहींची मूत्रपिंडं यामुळे निकामी झाली. वापराबाहेरच्या लांबलचक आतड्यात जंतूंची अफाट वाढ होई. त्यामुळे सांधे सुजत, अंगावर पुरळ येई. सर्वांत वाईट म्हणजे यकृत. प्रथिनांची उपासमार आणि जंतूंची विषद्रव्यं यांमुळे काहींचं यकृत खराब होत गेलं, काही दगावले. ब१२, ड जीवनसत्त्व, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांची कमतरता तर नेहमीचीच. पुढे अनेकांचं ऑपरेशन उलटवून आतडं परत पूर्ववत जोडावं लागलं.

यातली कळीची गोष्ट लक्षात घ्या. यातले बरेच दुष्परिणाम टाके काढेपर्यंत दिसत नव्हते. काही महिन्यांनी दिसत, काही पाच वर्षांनी, काही पंधरा वर्षांनी. तोपर्यंत रुग्ण दुसऱ्या गावी गेलेला, दुसऱ्या डॉक्टरकडे जाणारा. सांधेदुखीसाठी एकाकडे, मुतखड्यासाठी दुसऱ्याकडे. हे सगळं एकाच ऑपरेशनचं देणं आहे हे जोडून बघायला, त्या रुग्णांचा माग ठेवणारं कुणीतरी हवं होतं.

आयोवातला चिकाटीचा माणूस

तो माग ठेवणाऱ्यांत पहिलं नाव एडवर्ड मेसन यांचं. आयोवा विद्यापीठात सर्जन. पोटाच्या अल्सरसाठी त्या काळी जठराचा मोठा भाग काढून टाकत. मेसन यांच्या लक्षात आलं, की असं ऑपरेशन झालेल्या स्त्रियांचं वजन कमीच राहतं, वाढवायचं म्हटलं तरी वाढत नाही. एरवी जी गोष्ट ऑपरेशनचा तोटा म्हणून मोजली जायची, ती लठ्ठ रुग्णासाठी फायद्याची ठरेल का, असा उलटा विचार त्यांनी केला. १९६६ मध्ये त्यांनी पहिलं गॅस्ट्रिक बायपास केलं आणि १९६७ मध्ये चिकाशी इटो यांच्याबरोबर ते प्रसिद्ध केलं. जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करायचा आणि तो थेट लहान आतड्याला जोडायचा. जठराचा बाकीचा भाग काढत नाहीत, तो जागेवरच असतो, फक्त अन्न तिथे जात नाही.

इथे तत्त्वच बदललं. आधीच्या पद्धतीत 'खा, पण पचू देणार नाही' असा प्रकार होता. इथे मुळात थोडंच खाता येतं. सुरुवातीची पिशवी मोठी होती. रुग्णांकडे बघून मेसन ती लहान करत गेले, शेवटी पन्नास मिलिलिटरच्या आत, म्हणजे चहाच्या छोट्या कपापेक्षाही कमी. पहिल्या पद्धतीत पित्त उलटं जठरात येई. १९७७ मध्ये केंटकी विद्यापीठातल्या वॉर्ड ग्रिफिन यांनी 'रू' पद्धतीची जोडणी वापरली आणि तो त्रास गेला. रू हे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या एका जुन्या सर्जनचं नाव. आज रिपोर्टवर 'रू-एन-वाय' असं लिहिलेलं दिसतं ते त्यांच्यावरून, आणि जोडणीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा होतो म्हणून.

बायपासपेक्षा सोपं काहीतरी हवं म्हणून १९८० च्या सुमारास मेसन यांनी दुसरं ऑपरेशन काढलं. जठरात उभी पिनांची रांग मारून लहान पिशवी करायची आणि तिच्या तोंडाशी एक पट्टा घालायचा. आतड्याला हातही लावायचा नाही. हे ऑपरेशन ऐंशीच्या दशकात अतिशय लोकप्रिय झालं. आणि हळूहळू मागे पडलं. का? व्हर्जिनियातले हार्वी शुगरमन यांनी १९८७ मध्ये दोन्ही ऑपरेशनांची तुलना प्रसिद्ध केली, त्यात एक गमतीची पण महत्त्वाची गोष्ट होती. ज्यांना गोड खाण्याची सवय आहे त्यांचं या पट्टावाल्या ऑपरेशननं फारसं भलं होत नाही. अरुंद तोंडातून भाकरी किंवा मांसाचा तुकडा अडकतो, पण आइसक्रीम, मिल्कशेक, वितळलेलं चॉकलेट सुळकन खाली जातं. पोळी उलटते म्हणून माणूस पोळी सोडतो आणि गोडावर येतो. बायपासमध्ये असं होणं अवघड, कारण साखर एकदम आतड्यात उतरली की धडधड, घाम, चक्कर, पोटात कळ असा त्रास होतो. त्याला डंपिंग म्हणतात. बासुंदीच्या दुसऱ्या वाटीनंतर ज्यानं तो अनुभवला तो सहसा विसरत नाही.

मला मेसन यांच्याबद्दल आदर वाटतो तो ऑपरेशनं शोधली म्हणून, आणि त्याहून अधिक एका कोरड्या वाटणाऱ्या कामासाठी. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी आयोवात एक नोंदवही सुरू केली. वेगवेगळ्या गावांतल्या सर्जननी आपापल्या रुग्णांची माहिती तिथे पाठवायची. कोणतं ऑपरेशन, वजन किती, वर्षानं काय, पुढे काय. एकेकट्या सर्जनला जे दिसत नाही ते सगळ्यांचं एकत्र केलं की दिसतं, हा विचार. त्यांचं स्वतःचं लाडकं ऑपरेशनही पुढे अशाच दीर्घकाळच्या नोंदींमुळे मागे पडलं. मेसन शंभर वर्षांचे होऊन २०२० मध्ये गेले, म्हणजे हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

दिवाणखान्यातल्या बैठका

आता जरा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊ. सर्जन आतडी मोजत होते त्याच काळात काही गृहिणी वेगळंच काहीतरी करत होत्या.

१९४८ मध्ये मिलवॉकी शहरात एस्थर मान्झ नावाच्या बाईनं मैत्रिणींना जमवून वजन कमी करणाऱ्यांचा एक गट काढला, 'टॉप्स' नावाचा. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नाइडेच यांनी तसंच केलं. त्या साधारण ९७ किलोच्या होत्या. त्यांनी सांगितलेली हकिगत अशी, की दुकानात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईनं त्यांना 'छान दिसतेस, बाळ कधी?' असं विचारलं. बाळ वगैरे काही नव्हतं. त्या शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणा क्लिनिकमध्ये गेल्या, तिथे आहाराचा कागद मिळाला. कागद चांगलाच होता. पण बिस्किटं लपवून खाण्याची सवय त्या कागदाशी बोलता येईना. मग त्यांनी सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि ती कबुली दिली. त्यावर इतरांनीही आपापल्या चोरून खाण्याच्या जागा सांगितल्या. दर आठवड्याला भेटायचं ठरलं. १९६३ मध्ये त्यातून 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली, आणि पुढे तो मोठा धंदा झाला. धंद्याचं सोडा. क्लिनिकमध्ये जे मिळत नव्हतं ते दिवाणखान्यात मिळालं, एवढी गोष्ट आपल्या विषयासाठी पुरेशी आहे. डॉक्टरला 'हो, पाळते पथ्य' असं सांगणारी बाई दुसऱ्या तशाच बाईला खरं सांगते.

हे दोन प्रवाह, सर्जनचा आणि दिवाणखान्याचा, हळूहळू जवळ आले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची परिषद घेतली. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा गंभीर आजार असेल तर ऑपरेशनचा विचार करावा, हा नियम तिथला. तो सगळ्यांना माहीत आहे. त्याच निवेदनातल्या दुसऱ्या दोन गोष्टी मात्र कमी लोकांना माहीत असतात. रुग्णाची निवड सर्जन, फिजिशियन, मानसोपचार आणि आहार अशा सगळ्या बाजूंच्या तज्ज्ञांनी मिळून करावी. आणि ऑपरेशननंतर आयुष्यभर वैद्यकीय देखरेख आवश्यक आहे. जेजुनो-इलियल बायपासच्या रुग्णांनी भोगलेलं सगळं त्या 'आयुष्यभर' या शब्दाच्या मागे आहे.

देखरेख ठेवली तर काय मिळतं, याचं उत्तम उदाहरण चारच वर्षांनी आलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल इथले वॉल्टर पोरीज यांनी ६०८ गॅस्ट्रिक बायपास रुग्णांचा चौदा वर्षांचा हिशोब १९९५ मध्ये मांडला. सरासरी वजन १३८ किलोवरून वर्षभरात ८७ किलोवर आलं आणि चौदा वर्षांनीही ९३ च्या आसपास होतं. पण खळबळ उडाली ती दुसऱ्याच आकड्यानं. टाइप-२ मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झाली आणि राहिली. 'असं कुणाला वाटलं असतं?' अशा अर्थाचं शीर्षकच त्यांनी लेखाला दिलं होतं. साखर तर वजन उतरायच्या आधी, काही दिवसांतच खाली येई. म्हणजे आतड्याची वाट बदलल्यावर तिथली संप्रेरकं बदलतात, नुसत्या वजनाचा खेळ नाही. हे कळलं ते रुग्ण वर्षानुवर्षं परत येत राहिले म्हणून. स्वीडनमध्ये १९८७ पासून असाच एक मोठा अभ्यास सुरू होता. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ऑपरेशन न झालेल्या तशाच लोकांपेक्षा कमी आहे.

विद्यापीठातून गावातल्या हॉस्पिटलात

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपास केल्याचं प्रसिद्ध केलं. मोठ्या छेदाऐवजी चार-पाच छोटी भोकं. त्याआधीच पट्टा बसवण्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून होऊ लागलं होतं. आता भीती कमी झाली आणि ऑपरेशन मोठ्या विद्यापीठांच्या भिंतीबाहेर, छोट्या शहरांतल्या साध्या रुग्णालयांत पोचलं. १९९८ मध्ये अमेरिकेत वर्षाला सुमारे १३ हजार ऑपरेशनं होत होती. २००२ मध्ये ७२ हजार. चार वर्षांत पाचपटीहून जास्त!

एवढ्या वेगानं वाढलेल्या गोष्टीत घोळ होणारच. २००५ मध्ये डेव्हिड फ्लम आणि सहकाऱ्यांनी सरकारी मेडिकेअर विम्याच्या १६ हजारांहून जास्त रुग्णांचे आकडे तपासले. तीस दिवसांत शंभरातले दोघं दगावले होते आणि वर्षभरात साडेचारांहून जास्त. हे रुग्ण मुळात जास्त आजारी होते हे खरं. पण ज्या सर्जनचा अनुभव कमी त्यांच्याकडे धोका जास्त, हेही स्पष्ट दिसलं.

त्याच सुमारास सर्जनच्या संघटनांनी रुग्णालयांना मान्यता देण्याची पद्धत सुरू केली आणि २००६ मध्ये मेडिकेअरनं ठरवलं, की मान्यता असलेल्या ठिकाणीच पैसे देऊ. मान्यतेसाठी वर्षाला किमान किती ऑपरेशनं होतात हे बघत. रुंद खुर्च्या, मजबूत टेबलं आहेत का हे बघत. रुग्णांचा अनेक वर्षं माग ठेवता का, आणि त्यांच्यासाठी आधारगट चालवता का, हेही बघत. म्हणजे नाइडेचबाईंचा दिवाणखाना आता रुग्णालयाच्या तपासणीयादीत आला. गावातल्या रुग्णालयात महिन्यातून एका संध्याकाळी जुने-नवे रुग्ण गोल करून बसतात, सोबत आहारतज्ज्ञ किंवा नर्स असते, हे दृश्य तेव्हापासून नेहमीचं झालं. मेडिकेअरनं ती अट २०१३ मध्ये काढली, कारण तोवर सगळीकडचेच निकाल सुधारले होते आणि अटीचा वेगळा फायदा अभ्यासात दिसेना. मान्यतेची पद्धत मात्र चालू राहिली. २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात, ४,७७६ रुग्णांत, तीस दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं.

मग गट कशाला, असं कुणी म्हणेल. मला उत्तर द्यायला आणखी दोन अभ्यास लागतात. अमेरिकेतल्या युटा राज्यातला अभ्यास २००७ मध्ये आला. बायपास झालेल्या ७,९२५ जणांची तितक्याच, तशाच, पण ऑपरेशन न झालेल्या लोकांशी तुलना. सरासरी सात वर्षांत एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी. मधुमेहामुळे होणारे तर ९२ टक्क्यांनी. पण आजाराशिवाय होणारे मृत्यू, म्हणजे अपघात, आत्महत्या वगैरे, ते ५८ टक्क्यांनी जास्त. दुसरा अभ्यास २०१२ चा, दारूबद्दलचा. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्येचं प्रमाण वाढलेलं दिसलं, विशेषतः बायपासनंतर. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, हे त्याचं एक शारीरिक कारण. पण माणूस जे दुःख जेवणात बुडवत होता ते ऑपरेशननं जात नाही, हेही आहेच.

गटांना जाणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. मी यावर फार जोर देणार नाही. जो मुळातच पथ्य पाळतो तोच बैठकीला येतो, असंही असू शकतं. मला गटाचा उपयोग वाटतो तो वेगळ्या कारणानं. गटात माणसं परत येतात. परत आली की कुणीतरी म्हणतं, 'तुझा चेहरा फार उतरलाय, पंधरा दिवस उलट्या होतायत म्हणतेस आणि डॉक्टरकडे गेली नाहीस?' सतत उलट्या होत असतील तर ब१ जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो. डोळ्यांना दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, गोंधळणं. वेळेवर इंजेक्शन दिलं तर हे टळतं.

आपल्याकडे

आता आपल्या घरांकडे येऊ. अलीकडे आपल्याकडे जास्त होतं ते स्लीव्ह ऑपरेशन. जठराचा बाहेरचा मोठा भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवायची. याची गोष्टही मजेशीर आहे. २००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये अतिशय जास्त वजनाच्या रुग्णांवर एक मोठं ऑपरेशन करत. एका दमात धोका जास्त म्हणून त्यांनी ते दोन टप्प्यांत करायचं ठरवलं. पहिला टप्पा म्हणजे ही नळी. पहिल्या टप्प्यानंतरच अनेकांचं वजन इतकं उतरलं की दुसऱ्या टप्प्याची गरज उरली नाही. काढलेल्या भागातच भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त तयार होतं. ते १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं होतं.

भारतीयांना कमी वजनावरच मधुमेह होतो, म्हणून आशियाई लोकांसाठी बीएमआयची मर्यादा अडीचनं खाली धरत. ३७.५, किंवा आजार असेल तर ३२.५. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हे साधारण ९६ आणि ८३ किलो होतात. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली, आशियाई लोकांसाठी २७.५ पर्यंत आणली. विम्याचे नियम मात्र वेगळे. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत ४०, किंवा गंभीर आजारासह ३५ आणि आधी इतर उपाय करून झालेले, अशी अट आहे. त्यामुळे सर्जन 'हो' म्हणतात आणि विमा कंपनी 'नाही', असं होऊ शकतं. आधी लेखी विचारून घ्या.

आणि आपले प्रश्नही आपलेच आहेत. परदेशातला आहारतक्ता त्याला उत्तर देत नाही. लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं, पानात टाकू नये. ऑपरेशन झालेल्या माणसाला चौथ्या घासाला थांबावं लागतं, ताटात उरलं तरी. घरच्या बाईला तर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं संपवायची सवय. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाच्या पंगतीत आग्रह. 'एवढंसंच? अगं, आजारी पडशील.' नाही म्हटलं तर माणसं दुखावतात, हो म्हटलं तर उलटी. एकादशीला, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, ज्यात प्रथिनं जवळपास नाहीत आणि एवढ्याशा जठरात दुसरं काही मावत नाही. शाकाहारी घरात ब१२ आधीच कमी, ऑपरेशननंतर आणखी कमी. आणि वर 'चोरून ऑपरेशन करून बारीक झाली' हे बोलणं. या प्रश्नांवर माझ्यापेक्षा चांगली उत्तरं त्यातून गेलेल्या दुसऱ्या एखाद्या वहिनींकडे असतात. 'मी आधीच लहान वाटी मागून घेते, मग कुणाचं लक्ष जात नाही,' हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत असे गट आहेत. पण तालुक्याच्या गावचा माणूस पुण्या-मुंबईला ऑपरेशन करून येतो आणि पुढे एकटा पडतो. व्हॉट्सअॅप गट असतो, त्याचा उपयोग होतो, पण तिथे आधीचे-नंतरचे फोटो जास्त आणि उलट्या-रडू कमी असतं. जिथे ऑपरेशन होत नाही अशा साध्या हॉस्पिटलातही महिन्यातून एकदा अशी बैठक भरवता येईल. त्याला सर्जन लागत नाही. एक खोली, एक वजनकाटा, एक आहारतज्ज्ञ किंवा अनुभवी सिस्टर आणि दहा खुर्च्या पुरतात.

वजनाची नवी इंजेक्शनं आली आहेत, त्याबद्दल रोज कुणीतरी विचारतं. सविस्तर पुढच्या लेखात. इथे एवढंच, की सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला. तिथेही 'पुढे काय' हा प्रश्न आहेच.

ऑपरेशन ठरवत असाल तर सर्जनला हे जरूर विचारा. पुढच्या पाच वर्षांत मला किती वेळा बोलावणार? आधी ऑपरेशन झालेल्यांशी बोलता येईल का, आणि ज्यांचं वजन परत वाढलं त्यांच्याशीही? गावाकडे त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद जपून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा. बायपास झालेला असेल तर अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, जोडाच्या जागी अल्सर होतो. बाळाचा विचार असेल तर साधारण एक ते दीड वर्ष थांबा. ब१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करू नका, आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्या. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा.